थोरल्या-धाकट्या कॅमेऱ्यांची व पाठवणीच्या चालीची हकीकत

॥ श्री ॥ उजेड देणारास नमस्कार, आणि दिवस मावळता तो परत नेणारासही नमस्कार. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य दशमी, सोमवार, ते दिवशी दोन प्रहरी आमच्या राज्याचे अर्धे राज्य गेले. वर्तमान कळले ते ऐसे. एका लग्नाचे चित्रण चालू होते. राज्याचा शिरस्ता होता की चित्रण चालू असता दोघांनीही आपले फोन बंद ठेवावे, कारण फोन येण्याआधी आवाजात एक खरखर शिरते आणि ती मागाहून निघत नाही. बाईसाहेबांस, म्हणजे आमच्या कुटुंबास, सकाळी छातीत जड वाटले म्हणोन त्या रिक्षाने घरी गेल्या होत्या आणि जाता जाता बोलिल्या होत्या, "वरात निघेपर्यंत येतेच मी. तोवर लांबूनच घ्या, जवळचं काही घेऊ नका." म्हणोन आम्ही लांबूनच घेत होतो. मग मांडवाच्या दारात बँड वाजत होता तो एकाएकी थांबला. चाल संपली म्हणोन थांबला ऐसे नव्हे, मध्येच थांबला, आधी क्लॅरनेट थांबले, मग कर्णे थांबले, आणि ढोलवाल्यास काही कळले नाही म्हणोन तो एकटाच थोडा वेळ वाजवीत राहिला आणि मग तोही थांबला. तो बँड बाईसाहेबांच्या वडिलांचा जुना बँड. आमचा फोन बंद, सबब खबर त्यांस गेली होती. क्लॅरनेटवाला माणसांतून वाट काढीत आमच्यापाशी आला आणि वाद्य काखेत धरून उभा राहिला आणि बाईसाहेबांचे नाव तेवढे घेतले. कॅमेरा चालूच होता. त्यामुळे हे वर्तमान चित्रित जाहले आहे. ते आम्ही अद्याप पाहिले नाही.

पुढे शेजारच्या संस्थानचे राजश्री हणमंतराव ढवळे, फोटो स्टुडिओचे धनी, यांचा निरोप आला की, आमचा भाऊ वेगळा निघाला, इतःपर आम्हास एकट्यानेच चित्रण करणे आहे, तरी एकट्या माणसास सिनेमा कॅमेरा बरा की मिररलेस बरा हे आपल्या अनुभवाने लिहावे, आणि आपण लग्नाची कामे सोडिली ऐसे ऐकतो, तर आपल्या दोहोंपैकी जो एकट्यास सोयीचा तो आम्हास द्यावा. मागणे वाजवी आहे. वस्तू फळीवर पडोन राहण्यापेक्षा कोणाच्या हाती असावी. म्हणोन जे घडले ते लिहितो. आम्हास सजवून लिहिता येत नाही. चित्रणातही सजावट बाईसाहेबच बघत, आम्ही फक्त धरीत होतो.

राज्य म्हणावे तर दोन खोल्या, एक जिना आणि एक स्कूटर. राजा, प्रधान, सेनापती आणि हमाल मिळोन माणसे दोन, एक आम्ही आणि दुसऱ्या बाईसाहेब, म्हणजे आमचे कुटुंब वैजयंती. पदरी सरदार दोन. पहिला सिनेमा कॅमेरा, त्यास आम्ही थोरले म्हणत असू, आणि मागाहून आला तो मिररलेस, म्हणजे पोटात आरसा नसलेला लहान कॅमेरा, त्यास धाकटे. थोरले म्हणजे हत्ती. अंगाने जड, उठवायला वेळ, बसवायला वेळ, आणि एकदा जागेवर उभे राहिले म्हणजे ऊन असो, सावली असो, हलायचे नाहीत. त्यांच्या पोटातच काळी काच असे, ऊन वाढले की चाक फिरवावे आणि काच आपोआप डोळ्यावर यावी. माइकची जाड तार सरळ त्यांच्या कमरेत खोचावी, आवाज खणखणीत उतरे. तासचे तास चालले तरी तापत नसत. रंग ऐसा पकडीत की नवरीचा शालू आणि मागची भिंत एकाच चौकटीत असताही दोन्हींची अब्रू राहत असे. परंतु फोकस आपला आपण धरणे हे त्यांच्या इतमामात बसत नसे. फोकस म्हणजे कोणता चेहरा स्पष्ट दिसावा हे ठरविणे, आणि ते काम बाईसाहेबांचे. आम्ही थोरल्यांस खांद्यावर घेऊन चौकट धरावी आणि बाईसाहेबांनी शेजारी उभे राहून लेन्सचे कडे फिरवावे. त्यांची रीत ऐसी की पाकिटातल्या टिकल्या काढून एक जमिनीवर लावावी, जेथे माणूस येऊन उभा राहणार तेथे, आणि त्याच रंगाची दुसरी कड्यावर लावावी, जेथवर कडे फिरले म्हणजे तो माणूस स्पष्ट दिसतो तेथे. माणूस लाल टिकलीवर आला की कडे लाल टिकलीवर, हिरवीवर आला की हिरवीवर. दुसरे लोक यासाठी चिकटपट्टी वापरितात. बाईसाहेब म्हणत, "पट्टी विसरते घरी, टिकली कधी विसरलेय का?"

धाकटे आले तेव्हा बाईसाहेबांनी त्यांस तळहातावर घेऊन पाहिले आणि बोलिल्या, "काय हो, हे तर खेळण्यातलं दिसतं. नवरीचा मामा येऊन विचारेल, कॅमेरा कधी येणार म्हणून." आणि तसेच जाहले, पहिल्याच लग्नात मामाने पुसिले. लोक कॅमेऱ्याची योग्यता वजनावर ठरवितात. परंतु धाकटे घोडदळातले. एका हाती धरावे, गर्दीत शिरावे, हात हलला तरी चित्र हलू नये ऐशी सोय त्यांच्या पोटात. आणि मोठा गुण हा की चेहरा दिसला की आपण होऊन त्यावर जातात आणि तो चालला की त्याच्याबरोबर चालतात, कडे फिरवणारे माणूस लागत नाही. शिवाय त्यांस चेहरे स्मरणात ठेवता येतात आणि त्या चेहऱ्यांस क्रम लाविता येतो की, पहिला दिसला तर सर्व सोडून त्यास धरावे, तो नसेल तर दुसऱ्यास. लग्नात पहिली नवरी, दुसरा नवरदेव, ऐसे करावयाचे. परंतु ज्या दिवशी धाकटे घरी आले त्या दिवशी बाईसाहेब स्वतःच त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि बोलिल्या, "आधी घरच्यांना ओळखू दे, मग नवरीला." आम्ही बोलिलो, "अगं, तू कायम कॅमेऱ्याच्या मागे. तुझा चेहरा याला दिसणार कधी?" तेव्हा म्हणाल्या, "म्हणूनच. तुम्ही तर बघत नाही, याने तरी बघावं." मग पहिला चेहरा त्यांचाच राहिला आणि नवऱ्या दुसऱ्या क्रमांकावर येऊन गेल्या. बाईसाहेब चौकटीत कधी आल्या नाहीत, म्हणोन त्याने कधी काही बिघडले नाही, आणि आम्ही ती गोष्ट विसरलो.

आता मास्तरांची हकीकत. बाईसाहेबांचे वडील ज्ञानू मास्तर यांनी उभी हयात बँडात क्लॅरनेट वाजविले. त्या मुलुखात नवरी सासरी निघाली म्हणजे पाठवणीची चाल मास्तरांनी वाजवावी, आणि ती वाजली की ज्या बायका तोवर मानपानावरून भांडत असत त्याही रडू लागत. मास्तरांची चालण्याची तऱ्हा निराळी होती. बँडाच्या पुढे चालताना ते चालीची ओळ संपली की गर्रकन वळत आणि आपल्या माणसांकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत, आणि पुढची ओळ संपली की पुन्हा वळत. परंतु स्वतःच्या लेकीच्या लग्नात त्यांस वाजविता आले नाही. नवरीचा बाप फेटा बांधून व्याह्यांच्या पंगतीपुढे हात जोडील की क्लॅरनेट फुंकील? म्हणोन परगावचा बँड बोलाविला, आणि त्या वाजविणाऱ्याच्या क्लॅरनेटच्या तोंडची वेताची पत्ती चिरलेली होती, आणि बाईसाहेबांची पाठवणी बेसूर जाहली. हे त्यांनी जन्मभर विसरू दिले नाही. माहेरी गेल्या की उंबऱ्यातूनच म्हणावे, "गावातल्या सगळ्या पोरी सुरात गेल्या, आप्पा, मीच तेवढी बेसूर आले." त्यावर मास्तर म्हणत, "म्हनून तर नांदलीस. सुरात गेल्याल्या निम्म्या म्हागारी आल्या."

मग बाईसाहेबांच्या मनात आले की आप्पांच्या बँडावर एक चित्रपट करावा. कोणी सांगितला नव्हता, कोणी दाम देणार नव्हता. लग्नाच्या कामातून वेळ काढून त्यांनी तो जोडीत आणिला. कोटांची पितळी बटणे चिंचेने घासणारी माणसे घेतली, ढोलाची दोरी ताणताना घेतली, मास्तर पत्ती ओली करण्यासाठी जिभेखाली धरून त्याच तोंडाने आल्यागेल्याशी बोलतात ते घेतले. एक प्रसंग राहिला, तो शेवटचा. त्यात मास्तरांनी पाठवणीची चाल आपल्या घरापासून बोळाच्या तोंडापर्यंत चालत वाजवावयाची, आणि ती बाईसाहेबांसाठी. "माझी राहिलेली पाठवणी आहे ती," त्या म्हणाल्या, "नीट वाजवा, मी समोरूनच चित्रण करणार आहे." मास्तरांनी होकार दिला की दिवाळी होऊ दे, जरा दम येऊ दे. दिवाळी जाहली, आणि कार्तिकात वर लिहिले ते जाहले.

मग मास्तरांनी क्लॅरनेट पेटीत घातले. आम्हीही थोरले आणि धाकटे दोघांस कापडात बांधून फळीवर ठेविले. राज्यात एक माणूस उरला आणि त्यास काही काम नव्हते. लग्नाची बोलावणी आली ती परत केली. मग माघात मास्तर स्वतः जिना चढून आले. दोन ठिकाणी बसून आले. आल्यावर पाणी प्याले आणि फळीकडे बघत बोलिले, "पावणं, ते राहिलंय न्हवं?"

"राहिलंय."

"मग उरकून टाकू. डाक्टर म्हनतोय, मास्तर, आता फुंकायचं बंद करा. म्हटलं, एकदा फुंकायचं हाय, मग बंदच हाय. एकदाच वाजवीन, पावणं. तेवढ्यात काय ते धरा."

येथे प्रसंग आला तो ध्यानात घ्यावा. एकच चाल, एकदाच, आणि धरणार एक माणूस. आम्ही विचार केला की बाकीचा चित्रपट थोरल्यांनी धरिला आहे, शेवटही त्यांनीच धरावा, रंग जुळेल आणि आवाज चांगला येईल. मग माघातल्या एका सकाळी ऊन चढल्यावर, मास्तरांचा खोकला बसल्यावर, थोरल्यांस घेऊन निघालो. पूर्वी एक पेटी आम्ही आणि एक पेटी बाईसाहेब ऐसे चालत असू. आता दोन फेऱ्या केल्या. बोळात जाऊन थोरल्यांच्या पाठीस विटेएवढी बॅटरी लाविली, माइक लाविला, काळी काच ओढिली, आणि मग बाईसाहेबांच्या पाकिटातून टिकल्या काढून जमिनीवर लाविल्या, घरापुढच्या फरशीवर लाल, नळापाशी हिरवी, वळणाच्या दगडावर पिवळी, आणि त्याच रंगांच्या दुसऱ्या तीन कड्यावर लाविल्या. कडे फिरवावयाचे ते चौकट धरलेल्या डाव्या हाताच्या दोन बोटांनी. मास्तरांस सांगितले की चालता चालता या तीन ठिकाणी जरा पाऊल टेकावे. मास्तर बँडाचा जुना कोट घालून आले होते. खाली वाकून त्यांनी लाल टिकली पाहिली आणि पुसिले, "ही तिची का?"

"तिच्याच पाकिटातली."

मास्तर सरळ उभे राहिले. पत्ती तोंडात धरून ओली केली, चढविली, आणि वाजवू लागले. बोळातल्या बायका हातातली कामे टाकून दारात आल्या. आम्ही थोरल्यांस घेऊन बोळाच्या तोंडाशी उभे होतो आणि डोळा काचेला होता. मास्तर लाल टिकलीपाशी आले आणि तिला वळसा घालून गेले. हिरवीपाशी आले आणि दोन हात बाजूने गेले. लेकीच्या कपाळावरची वस्तू, तिच्यावर बाप पाय कसा देईल, हे आम्हास आधी सुचले नाही. आणि ओळ संपली की ते गर्रकन वळत आणि उलट्या पावलांनी आमच्याकडे येत, आणि मागे बँड नव्हता, रिकामा बोळ होता, तरी त्याकडे तोंड करून वाजवीत. बाईसाहेबांस ती चाल लहानपणापासून पाठ. ओळ कोठे संपणार हे त्यांच्या बोटांस ठाऊक असे आणि आप्पा वळण्याआधी कडे वळत असे. आमच्या बोटांस ते ठाऊक नव्हते. आम्ही इतकी वर्षे चौकट धरिली, चाल ऐकिलीच नव्हती. मास्तर बोळाच्या तोंडाशी पोचले आणि दगडावर बसून बहुत वेळ खोकत राहिले. एका बाईने पाणी आणोन दिले.

घरी येऊन पाहिले. आवाज ऐसा आला होता की डोळे मिटून ऐकावा. आणि डोळे मिटूनच ऐकण्याजोगा होता, कारण चित्रात आरंभापासून शेवटापर्यंत मास्तर धूसर होते, आणि त्यांच्या पायाशी टिकल्या स्पष्ट होत्या. दुसरे दिवशी जाऊन सांगणे भाग होते. मास्तर ओसरीवर बसले होते.

"मामा, नीट आलं नाही."

"म्हंजे?"

"आवाज आलाय. तुम्ही धूसर आलाय."

"मला बी आता समदं तसंच दिसतंय. ऱ्हाऊ द्या की तसंच."

"तिनं राहू दिलं नसतं."

मास्तरांनी मान हलविली. मग बोलिले, "न्हाई. तिनं चारदा वाजवून घेतलं असतं." आणि पुढे, "थंडी सरू द्या. चैतात बघू, दम राहिला तर."

मधल्या दिवसांत आम्ही धाकट्यांस उतरवून त्यांची परीक्षा केली. खुर्चीवर ठेविले आणि स्वतः लांबून चालत त्यांच्याकडे आलो. त्यांनी आम्हास पहिल्या पावलापासून धरिले आणि सोडिले नाही, वळलो तरी पुन्हा तोंड दिसताच धरिले. पाहिले तर चित्र लख्ख. आपला चेहरा इतका स्पष्ट बहुत दिवसांनी पाहिला. पाहण्याजोगा नव्हता. तरी काम होईल ऐसा भरवसा आला. दोषही कळले, ते हणमंतरावांनी ध्यानात ठेवावे. बॅटरी लवकर बसते, खिसे भरून घ्यावयाच्या. आवाज घेण्यास निराळी डबी लागते. काळी काच हाताने फिरवून बसवावी लागते आणि घाईत ती आडवी बसते. आणि उन्हात धाकटे तापतात. अंगणात थोडा वेळ उभे केले तो तापल्याची खूण दाखवून आपण होऊन बंद पडले. थोरले हत्ती खरे, परंतु उन्हात बसत नसत.

मग शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र मास. ऊन ऐसे की बोळात फरशीवर पाय ठरेना. सकाळी लवकर करावे तर मास्तरांचा खोकला ऊन चढेपर्यंत बसत नाही, आणि ऊन चढल्यावर करावे तर धाकटे तापतात. तेव्हा मसलत ठरली की आरंभ घरातच करावा. मास्तरांनी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून वाजवू लागावे, मग उठावे, उंबरा ओलांडावा आणि शेवटचा तुकडा तेवढा बोळात चालावे. आम्ही ओसरीच्या सावलीत उभे राहून आत बघावे आणि मग त्यांच्यापुढे मागे सरत जावे. आमच्या मानेवर ओला पंचा होता, तो मधून मधून धाकट्यांच्या पाठीस लावीत होतो.

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांच्या डोक्यावर भिंतीला बाईसाहेबांचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. आमच्या घरी आम्ही फोटो लाविला नाही. मास्तरांनी लाविला. मास्तर बोलिले, "पावणं, ह्येला तरी नीट सांगून ठेवलंय न्हवं, कुनाकडं बघायचं ते?"

"सांगून ठेवलंय, मामा."

"मागल्या खेपंला बी सांगितलं व्हतं म्हना तुमी."

मग वाजवू लागले. क्लॅरनेट तोंडाशी, गाल फुगलेले, मान खाली. धाकट्यांच्या पाठीवरच्या पडद्यावर चेहरा धरल्याचा पांढरा चौकोन असतो, तो मास्तरांच्या चेहऱ्यावर आला, क्षणभर राहिला, आणि उडून वर गेला आणि फोटोवर बसला आणि तेथेच राहिला. मास्तर धूसर जाहले. मागे बाईसाहेब स्पष्ट जाहल्या, ऐशा की हाराचा मणी मोजावा. आधी वाटले यंत्र बिघडले. मग स्मरले की पहिला चेहरा कोणाचा आहे. त्या पदर सारखा करून उभ्या राहिल्या होत्या तो दिवस स्मरला. पडद्यावर मास्तरांच्या जागी एक बोट टेकविले असते तर चौकोन खाली आला असता. अंगठा मोकळा होता. तो उचलला, आणि तसाच ठेविला.

ओळ संपत आली तेव्हा मास्तर उठले. आणि ओळ संपताच, उभ्या हयातीची सवय, गर्रकन वळले, आपल्या बँडाकडे तोंड करण्यासाठी. बँड नव्हता. भिंत होती आणि तिच्यावर फोटो होता. मग त्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून, ते वाजवीत राहिले आणि उलट्या पावलांनी एक एक पाऊल दाराकडे येऊ लागले. पुढच्या ओळीला वळले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. चौकटीत आता एक जुन्या कोटाची पाठ आणि एकच चेहरा. आम्ही मागे सरलो. त्यांची टाच उंबऱ्याला लागली आणि सूर तुटला. त्यांनी पुन्हा घ्यावयास पाहिला, वाराच नुसता आला. मग वाद्य खाली घेऊन दाराची चौकट धरून उभे राहिले. थोड्या वेळाने धाकट्यांनी तापल्याची खूण दाखविली आणि तेही बंद पडले.

बोळातले चालणे जाहलेच नाही. मास्तरांस उंबऱ्यावरच बसविले, पंचा दिला. दम बसल्यावर त्यांनी पुसिले, "आलं का?"

आम्ही धाकट्यांस थंड करून जे आले ते पडद्यावर दाखविले. मास्तरांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरिला आणि डोळ्यांजवळ नेला.

"मी कुठाय ह्यात?"

"हा पुढं. धूसर आहे ते तुम्ही."

"आन् ती?"

"ती स्पष्ट आलीय. याच्या स्मरणात पहिला चेहरा तिचा होता. पुसायचा राहिला होता. चुकलं, मामा."

मास्तर पुन्हा पाहू लागले, सूर तुटतो तेथपर्यंत. मग कॅमेरा परत दिला आणि बोलिले, "काय चुकलं न्हाई. पाठवनी नवरीची असती, पावणं. बँडवाल्याची नव्हं." मग क्लॅरनेटचे तुकडे काढिले, आतून कापड फिरविले, पत्ती पुसली आणि ती पेटीत न ठेविता फोटोच्या हारात खोवली.

त्यानंतर मास्तरांनी वाजविले नाही. आम्हीही सांगितले नाही. आता आमच्यापाशी माघातला आवाज आहे, बोळाच्या तोंडापर्यंत अखंड, थोरल्यांनी घेतलेला. आणि चैत्रातले चित्र आहे, उंबऱ्यापर्यंतचे, धाकट्यांनी घेतलेले. दोन्ही एकाच माणसाचे आणि एकाच चालीचे. लांबी जुळत नाही.

एवंच निवाडा ऐसा. हणमंतराव, दोघे असाल तर थोरले घ्यावे, त्यांच्यासारखा रंग आणि आवाज दुसऱ्यास येत नाही. एकटे असाल तर धाकटे, त्यांस शेजारी माणूस लागत नाही. आपण एकटे आहा, सबब धाकटे आपल्या उपयोगाचे, आणि आम्ही ते आपणांस देऊ. बॅटऱ्या भरून ठेविल्या आहेत, काळी काच डबीत आहे, पट्टा नवा लाविला आहे. चित्रपटाचा शेवट जोडावयाचा राहिला आहे. धाकटे आपल्या हाती देण्यापूर्वी त्यांच्या स्मरणातील पहिला चेहरा पुसावयाचा आहे. कोठे दाबावे ते ठाऊक आहे. अद्याप पुसला नाही.